पंपघराला भेट दिल्याचा अहवाल

माझ्या भाचीला विद्यापीठ बदलायचं होतं आणि त्याला कारण होतं पाणी.

ती पाण्याचं इंजिनियरिंग शिकत होती. धरणं, कालवे, नळ, पंप, जे जे म्हणून ओलं असतं ते सगळं. दोन वर्षं पूर्ण झाली होती. तिच्या विभागाच्या प्रयोगशाळेत बारा मीटर लांबीचा एक काचेचा कालवा आहे. त्यातून पाणी सोडायचं, वेग मोजायचा, मध्ये फळी घालून पाणी कसं उसळतं ते बघायचं, अशी योजना. कालवा अतिशय सुस्थितीत आहे, कारण गेल्या अकरा वर्षांत त्यात पाण्याचा थेंब पडलेला नाही. नळ कोणी जोडायचा, इमारत विभागानं की पाणीपुरवठा विभागानं, यावर पत्रव्यवहार चालू आहे. तोवर सर काचेवर बोट टेकवून सांगतात, "इथपर्यंत पाणी आहे असं समजा." मुलं समजतात. वेग किती तेही समजून घेतात आणि वहीत लिहितात. उत्तर कधी चुकत नाही.

भाचीला मात्र समजून घ्यायचा कंटाळा आला. घरात तिला आम्ही खारू म्हणतो, कारण लहानपणी ती सापडेल ते कुठंतरी नेऊन लपवायची आणि मग अख्खं घर चष्मे शोधत फिरायचं. ही खारू एका सकाळी चहाचा कप हातात धरून माझ्या बहिणीला म्हणाली, "आई, मला दुसऱ्या विद्यापीठात जायचंय. तिथल्या कालव्यात पाणी आहे. मी फोटो बघितलाय."

"फोटोत काय, सगळंच असतं," बहीण म्हणाली.

"त्यात एक मुलगा भिजलेला आहे."

हा पुरावा बिनतोड होता. बहिणीनं मला फोन लावला.

"दादा, तू आयुष्यभर लोकांचे अर्ज अडवलेस. आता एक सोडवून दे."

हे अर्धं खरं होतं. मी बत्तीस वर्षं एका कचेरीत अर्ज तपासायच्या टेबलावर होतो. अर्जाला कोणता कागद कमी आहे हे मला पाकीट न उघडता, नुसतं हातावर तोलून कळायचं. निवृत्त झाल्यावर या विद्येला गिऱ्हाईक नव्हतं. घरी भाजीची पिशवी तोलून बघायचो, तेवढंच. तेव्हा मी हातातलं वर्तमानपत्र ठेवलं आणि निघालो.

नव्या विद्यापीठाच्या अटींची पुस्तिका बावीस पानांची होती. तिचा मथितार्थ असा, की या, पण आमच्यासारखे होऊन या. गुणपत्रकं हवीत, स्थलांतराचा दाखला हवा, वर्तणुकीचा हवा, जुन्या विद्यापीठाची हरकत नाही असं पत्र हवं. पण खरी मेख सातव्या कलमात होती. दोन्हीकडचा अभ्यासक्रम निदान सत्तर टक्के सारखा असला पाहिजे. तो समिती विषयवार ताडून बघणार. आणि प्रात्यक्षिकांचे अहवाल मूळ प्रतीत आणायचे. मुख्य विषयांपैकी एक जरी ग्राह्य धरला गेला नाही, तर विद्यार्थ्यानं पुन्हा दुसऱ्या वर्षात बसायचं.

"म्हणजे एक वर्ष पाण्यात," बहीण म्हणाली.

"पाण्यात गेलं तरी चालेल गं," खारू म्हणाली. "इथं तेवढंही नाही."

पण चालणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. तिची शिष्यवृत्ती चार वर्षांची होती. वर्ष गेलं की ती गेली, आणि ती गेली की खारू पुन्हा कोरड्या कालव्याच्या काठावर.

आम्ही आधी जुन्या विद्यापीठात गेलो. चार नंबरच्या खिडकीत एक बाई बसतात. त्यांच्याकडं जाणाऱ्याला त्या प्रथम तीन नंबरला पाठवतात, हा त्यांचा शिरस्ता. मी जुना खेळाडू. मी आधीच तीन नंबरला जाऊन आलो आणि मग त्यांच्यापुढं उभा राहिलो.

"तीन नंबरला जाऊन या," त्या म्हणाल्या.

"जाऊन आलो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. बत्तीस वर्षांचा अनुभव दुसऱ्या बत्तीस वर्षांच्या अनुभवाला ओळखतो. "कुठल्या टेबलावर होतात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली, आणि दोन दाखले अर्ध्या तासात हातात पडले. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "हरकत नाही हे विभागप्रमुख देणार. त्यांची हरकत नसतेच. पण ती नाही हे त्यांच्या लक्षात यायला तीन आठवडे लागतात."

विभागप्रमुख गोरेगोमटे, हसतमुख, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. अभ्यासक्रमाच्या एकशेचौसष्ट पानांवर सही-शिक्का मारायचा होता. त्यांनी शिक्क्याला शाई लावली, बाह्या वर केल्या आणि अगदी लग्नाच्या पंगतीत वाढावं तशा उत्साहानं सुरुवात केली.

"छान, छान. मुलांनी बाहेर पडलंच पाहिजे. कुठं जायचं म्हणालीस?"

खारूनं नाव सांगितलं. शिक्का हवेत थांबला.

"तिथं?"

"हो सर."

"दुसरं एखादं नाही का बघितलंस? समुद्राकडचं फार चांगलं आहे. हवा छान आहे."

"सर, मला कालव्यात पाणी..."

"समुद्रात भरपूर आहे."

पण खारू हलेना. मग सरांनी उरलेली पानं शिक्के मारून दिली. मात्र शिक्के हळूहळू फिकट होत गेले, आणि शेवटच्या वीस-पंचवीस पानांवर तर ते डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नव्हते. मी समजलो, शाई संपली. बत्तीस वर्षं कागद तोलणारा माणूस मी, आणि मला माणसाचा हात आखडलेला कळला नाही.

तीन आठवडे म्हणता चौथ्या आठवड्यात पत्र आलं. समितीची तारीख मिळाली. खारू आणि मी पहाटेची नव्हे, चांगली आठाची बस पकडली. खारू खिडकीशी, मी फाइल मांडीवर घेऊन. तीन तासांचा प्रवास, झोप येईना, म्हणून फाइल चाळायला लागलो. अभ्यासक्रम वाचून झोप आली. प्रात्यक्षिकांच्या अहवालाशी पोचलो आणि ती उडाली.

अहवालाचं नाव होतं, 'नदीकाठच्या पंपघराला भेट'. सुबक अक्षर, रंगीत आकृती, दहापैकी नऊ गुण. पहिलंच वाक्य होतं, 'फेब्रुवारीच्या प्रसन्न सकाळी आम्ही नदीकाठच्या पंपघराकडे प्रस्थान केले.'

"खारू," मी म्हणालो, "तुमच्या गावाला नदी कुठंय?"

"नाहीये."

"मग हे पंपघर?"

"तेही नाहीये."

"मग प्रस्थान कुठं केलंत?"

"कुठंच नाही, मामा. अहवाल असतोच. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना देतात. त्यांना त्यांच्या वरच्यांनी दिलेला असतो. आपण फक्त तारीख घालायची. अभ्यासक्रमात लिहिलंय पंपघराला भेट, म्हणून भेट."

मी चष्मा पुसला आणि पुढं वाचलं. पंपघर विद्यापीठाच्या पूर्व दरवाजापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, नदीच्या डाव्या काठावर होतं. जवळच दगडी पूल होता. पुलाला सात कमानी होत्या.

"तुमच्या विद्यापीठाला पूर्व दरवाजा आहे का?"

"एकच दरवाजा आहे. तो कुठं बघतो कोण जाणे."

त्याच वेळी बस वळली, चढाला लागली आणि एका दगडी पुलावर आली. खाली नदी होती. मी सवयीनं कमानी मोजल्या. सात भरल्या. समोर मोठी पाटी आली: 'विद्यापीठ, पूर्व दरवाजा'.

खारूनं पाटी बघितली. मग अहवाल बघितला. मग माझ्याकडं बघितलं.

"मामा," ती म्हणाली, "हा अहवाल इथला आहे."

"अहवालच कशाला," मी म्हणालो, "अख्खा अभ्यासक्रमच इथला असणार." आणि मला एकदम फिकट शिक्के आठवले. कधीकाळी नवा विभाग उघडताना विभागप्रमुखांना घाई असणार, इथला अभ्यासक्रम समोर असणार. त्यांनी तो उचलला, आणि उचलताना नदी खाली ठेवायची राहून गेली.

उतरल्या उतरल्या आम्ही पूर्व दरवाजापासून दहा मिनिटं चाललो. डाव्या काठावर बॅडमिंटनचं सभागृह होतं. दारातल्या पहारेकऱ्याला मी पंपघराचं विचारलं.

"पाडलं ना ते," तो म्हणाला. "चौदा वर्षं झाली. माझ्या धाकट्याच्या जन्माआधी."

खारूनं अहवालावरची तारीख बघितली. पंपघर पाडल्यानंतर तेरा वर्षांनी तिनं ते बारकाईनं पाहिलं होतं, आणि पंपचालकांनी 'अत्यंत आपुलकीनं माहिती देऊन शेवटी चहा पाजला' होता.

समितीला पाऊण तास होता. आम्ही एका बाकावर बसलो. मी जुन्या टेबलावरचे सगळे उपाय एकामागून एक काढले. अहवाल फाइलमध्ये विसरून आलो म्हणू? मग विषय अपुरा, वर्ष गेलं. तारखेवर शाई सांडू? शाई ताजी दिसेल. चौकशीचा प्रश्न आलाच तर तुला एकदम खोकला येईल, असं करू का?

"किती वेळ खोकू?"

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत."

ती हसली. पण हसू ओठांवरच राहिलं. "मामा, मी इथं समजा-समजाला कंटाळून आले. आणि पहिल्याच दिवशी यांना सांगू, की मी पंपघर बघितलंय असं समजा?"

"बाळ, सगळे तसंच सांगतात."

"म्हणून तर तिथं नळ जोडला जात नाही."

यावर कचेरीत असतो तर 'उद्या या' म्हणालो असतो.

समितीत तिघं होती. मध्ये अध्यक्षबाई, बारीक केस, बारीक आवाज आणि कोणाचाही अर्ज घाबरेल असं पेन. उजवीकडं एक उंच, बारीक सर, ज्यांच्याकडं प्रात्यक्षिकं होती. डावीकडं सहाय्यक, त्याच्यापुढं फाइलींचा मनोरा. मला पालक म्हणून भिंतीकडच्या खुर्चीत बसायची परवानगी मिळाली, बोलायची मिळाली नाही.

अध्यक्षबाईंनी आमचा अभ्यासक्रम उघडला, शेजारी त्यांचा उघडला. एक पान इकडं, एक पान तिकडं. दहा मिनिटं नुसती पानांची सळसळ. मग त्यांनी मान वर केली.

"शंभर टक्के."

"काय?" बारीक सर म्हणाले.

"शंभर टक्के सारखा आहे. मी बारा वर्षं या समितीवर आहे. त्र्याहत्तरच्या वर कोणी गेलेलं नाही. आमचे दोन विभाग एकमेकांशी साठ टक्क्यांनी जुळतात." त्यांनी पेन खारूकडं वळवलं. "हा अभ्यासक्रम तू टाइप केलास?"

"नाही मॅडम. शिक्के आहेत बघा."

"शिक्के फार फिकट आहेत."

"हळूहळू होत गेले," खारू म्हणाली.

सर अहवाल चाळत होते. ते थांबले. "तू आमचं पंपघर पाहिलंस? फेब्रुवारीत?"

मी भिंतीकडून हळूच खोकून दाखवलं, आठवण म्हणून. खारूनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"नाही सर," ती म्हणाली. "मी पाहिलं नाही. आमच्या विभागात कोणीच कधी पाहिलं नाही. अहवाल वरच्या वर्गाकडून मिळतो. मी फक्त तारीख घातली. आकृती मात्र मी स्वतः रंगवली."

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण लावलं. हे वाईट लक्षण. टोपण लागलं की अर्ज परत जातो, हे मी बत्तीस वर्षं स्वतः करत आलो होतो.

"हे गंभीर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या विद्यार्थ्यांचे अहवाल आणि असले अहवाल यांत फरक असतो. तो नोंदवावा लागेल. आमचे गेल्या वर्षीचे आणा रे."

सहाय्यक गेला आणि धूळ झटकत एक गठ्ठा घेऊन आला. बारीक सर म्हणाले, "गरज आहे का? मी तपासलेत ते सगळे." पण बाईंनी वरचा अहवाल उचलला होता.

"'फेब्रुवारीच्या प्रसन्न सकाळी,'" त्यांनी वाचलं, "'आम्ही नदीकाठच्या पंपघराकडे प्रस्थान केले.'"

त्यांनी दुसरा उचलला. त्यातही सकाळ प्रसन्न होती. तिसऱ्यात होती. सातव्यात एका धाडसी विद्यार्थ्यानं सकाळ 'अतिप्रसन्न' केली होती. पंपचालकानं सगळ्यांना चहा पाजला होता. पाडलेल्या पंपघरातल्या त्या माणसानं चौदा वर्षांत सातशे कप चहा केला असेल.

"तुम्ही तपासलेत," बाई सरांना म्हणाल्या.

"नऊ वर्षं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा त्यांच्यासारखाच बारीक झाला होता. "मी मुख्यतः आकृती बघतो."

"आणि पंपघर पाडलंय हे?"

"माहीत आहे ना. मी तिथं बॅडमिंटन खेळतो."

सहाय्यकानं हसू दाबण्यासाठी मनोऱ्याआड तोंड नेलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हळूच सातवं कलम काढलं, दोनदा वाचलं आणि पेनाचं टोपण काढलं. मी खुर्चीत सावरून बसलो.

"नियम असा आहे," त्या म्हणाल्या, "की अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकं सारखी असावीत. पाहिलेली असावीत असं कुठं लिहिलेलं नाही. हिनं पंपघर पाहिलेलं नाही. आपल्या मुलांनी पाहिलेलं नाही. समानता पूर्ण आहे. हिला नाही म्हणायचं, तर आपल्या चौदा तुकड्यांना परत बोलवावं लागेल. त्यातले काही आता मोठी धरणं बांधतायत."

या शेवटच्या वाक्यावर सहाय्यकानं गठ्ठा घाईनं बांधायला घेतला.

"मंजूर," बाई म्हणाल्या आणि सहीसाठी कागद ओढला. मी देवाचे आभार मानायला तोंड उघडणार, तेवढ्यात आमची खारू बोलली.

"मॅडम, पण मला बघायचंय."

"काय?"

"पंपघर. हे नाही, कुठलंही. चालू असलेलं."

भिंतीकडून मी डोळे मोठे केले, पाय आपटला, कपाळाला हात लावला. मिळालेली सही परत करणारा अर्जदार मी आयुष्यात पाहिला नव्हता. बाईंनी कागदावर सही न करता एक ओळ वाढवली आणि मग सही केली. ओळ अशी होती: 'अर्जदारानं महिन्याभरात चालू पंपघराला प्रत्यक्ष भेट देऊन नवा अहवाल द्यावा. निदान सात गुण मिळाल्यास प्रवेश कायम, अन्यथा रद्द.' आणि गुण देणार होते बारीक सर.

"कशाला बोललीस?" बाहेर आल्यावर मी विचारलं. "मंजूर झालं होतं ना?"

"माझं काय मंजूर झालं होतं, मामा? न बघितलेलं."

बहिणीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्यावर गेलीय. तूही कोणाचा अर्ज नीट मंजूर होऊ दिला नाहीस."

चालू पंपघर गावाबाहेर, नव्या धरणाच्या पायथ्याशी होतं. सतरा नंबरची बस शेवटच्या थांब्यापर्यंत आणि पुढं अर्धा तास पायी. पंपचालक खाकी शर्टातला, कानात कापूस घातलेला रुंद माणूस. खारूनं पत्र पुढं केलं. त्यानं ते उलटंसुलटं बघितलं.

"विद्यार्थी?" तो ओरडला. मशीनच्या आवाजात सगळं ओरडूनच बोलावं लागत होतं. "एकोणीस वर्षांत कोणी आलं नाही! कशाला आलात?"

"बघायचंय!" खारू ओरडली.

"बघा! हात लावू नका! ओढणी खोचा!"

चहा त्यानं पाजला नाही. प्रसन्न सकाळही नव्हती, भर दुपार होती आणि तेलाचा वास होता. मी आवाजानं हैराण होऊन बाहेर झाडाखाली बसलो. खारू तीन तास आत. बाहेर आली तेव्हा तिचे हात काळे, बाही ओली आणि चेहरा असा, की माझ्या मनात आलं, बहिणीनं हिला आत्ता बघायला हवं होतं.

ती आणखी दोनदा गेली. पंपचालकाला ती आवडायला लागली होती, हे तो तिला जास्त रागावायला लागला यावरून कळलं. अहवाल अकरा पानांचा झाला. त्यात प्रस्थान नव्हतं. दोन पंप चालू, एक बंद, का बंद, किती दिवस बंद, पाणी कुठून गळतं, गळती थांबवायला पंपचालक काय गुंडाळतो, हे सगळं होतं. पाचव्या पानावर तेलाचा अंगठा उमटला होता.

आठवड्यानं गुण आले. सहा.

शेरा होता, 'आकृती नमुन्याप्रमाणे नाही.'

खारू कागद घेऊन थेट सरांच्या खोलीत गेली. मी मागून, फाइल घेऊन. या वेळी बोलायची परवानगी मी स्वतःच घेतली होती, पण गरज पडली नाही.

"सर, आकृती पंपाप्रमाणे आहे."

"असेल," सर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. खरंच अडचणीत होते. "पण मी नऊ वर्षं एकच आकृती बघतोय. त्यात नळ डावीकडून येतो. तुझ्यात उजवीकडून येतो. बरोबर आहे की चूक, मी कसं सांगू?"

"तुम्ही कुठलंच पंपघर आतून बघितलं नाही का?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. "आमच्या वेळीही अहवाल होताच," ते म्हणाले.

खारू बोलली ते मला अजून आठवतं, कारण तिचा आवाज रागाचा नव्हता. आपल्याला सापडलेली जागा दुसऱ्याला दाखवायची असते, तसा होता. "चला ना सर. सतराची बस दहा वाजून वीसला आहे. मात्र चांगले बूट घालू नका."

सरांनी घड्याळ बघितलं. मग बूट बघितले. ते चांगलेच होते. "चल," ते म्हणाले.

आम्ही तिघं पोचलो तेव्हा पंपचालक दारातच उभा होता. त्यानं खारूला बघून मान हलवली, मला बघून झाडाकडं बोट केलं आणि सरांपाशी अडला.

"हे कोण?"

"सर आहेत माझे!"

"काय शिकवतात?"

"पंप!" खारू ओरडली.

पंपचालकानं सरांना केसांपासून बुटांपर्यंत एकदा बघून घेतलं. मग कापसाचा एक बोळा काढून त्यांच्या हातात ठेवला आणि आत जायला वाट दिली.

मी झाडाखाली गेलो नाही. दारातूनच बघत राहिलो. पहिली दहा मिनिटं सर भिंतीला चिकटून उभे होते. मग खारूनं त्यांना हातवारे करून नळ दाखवला, तो उजवीकडूनच येत होता. सर पुढं झाले. वाकले. मग उकिडवे बसले. मग पंपचालक त्यांच्याशेजारी उकिडवा बसला, आणि दोघं एकमेकांच्या कानात ओरडायला लागले. एकदा सर जोरात हसले. एकदा पंपचालकानं त्यांचा हात धरून मागं ओढला. दीड तास झाला, दोन झाले. सतराची परतीची बस गेली.

बाहेर आले तेव्हा सरांच्या बुटांत पाणी होतं. चालताना पच् पच् आवाज येत होता, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी खारूचा अहवाल मागितला, मांडीवर उघडला आणि सहावर काट मारली. पेन हवेत धरून बराच वेळ विचार केला. मग लिहिलं, आठ.

"दोन कुठं गेले, सर?" खारूनं विचारलं. प्रवेश कायम झाला होता, तरी विचारलंच.

"मागच्या बाजूला एक झडप आहे," सर म्हणाले, "पाणी उलटं येऊ नये म्हणून. खाली, अंधारात. तुझ्या आकृतीत ती नाही."

खारू आत धावली. क्षणभरानं तिचा आवाज आला, "अय्या, खरंच की!"

सर कानातला कापूस काढत माझ्याकडं वळले. नऊ वर्षांत त्यांनी शेकडो गुण कापले असतील, पण एवढ्या आनंदानं कापलेले हे पहिलेच दोन असावेत.

"मी स्वतः पाहिली," ते मला म्हणाले.